लॉरा टर्बो, डाव्या दरवाज्याखालून काढलेला सायलेन्सर आणि ताईचं डोकं : पूर्ण प्रकरण

गाडी आमच्या दाजींची. स्कोडा लॉरा, 1.8 टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, 2011 ची पासिंग, नंबर एमएच-21. दाजी जालन्याला असतात, बियाण्याचं दुकान आहे, आणि या गाडीवर त्यांचा जीव किती आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे. कंपनीतून निघालेली 160 पीएस ताकद आणि 250 न्यूटन मीटर टॉर्कची गाडी, तीही आपल्याच शेंद्र्याच्या प्लांटला जुळवलेली, तिथं स्कोडाचं काम 2001 पासून चालू आहे. मी संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं बघतो, पाइप, वाकवणं, आर्गन वेल्डिंग हे रोजचं काम, म्हणून हे प्रकरण शेवटी माझ्याकडं आलं. आधी आलं असतं तर बरं झालं असतं, पण दाजींना सरप्राइज द्यायचं होतं.

झालं असं की सप्टेंबरात मूळ सायलेन्सरची जाळी फुटली. जाळी म्हणजे डाउनपाइपनंतर, टर्बोतून खाली येणाऱ्या पाइपानंतर, जी लवचिक नळी असते ना, वरून तारेची वेणी घातल्यासारखी दिसते ती. गाडी घरघर वाजायला लागली, तर दाजी एका मोठ्या शहरातल्या मॉडिफिकेशनच्या वर्कशॉपला गेले. तिथल्या माणसानं सांगितलं की टर्बो गाडीला एवढा लांब पाइप लागतच नाही, जितका आखूड तितकं चांगलं, आपण मधूनच बाहेर काढू, रेसिंगच्या गाडीसारखं. आणि त्यानं तसं केलं. कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागं 3 इंची एस.एस. (स्टेनलेस स्टील) पाइप, आवाज थोडा दाबायला एक छोटा बाटलीएवढा रेझोनेटर, आणि मागच्या डाव्या दरवाज्याच्या खालून, टायरच्या जरा पुढं, तिरका कापलेला तोंडाचा पाइप बाहेर. मागचा मोठा सायलेन्सर काढून डिकीत टाकला. फुटलेल्या जाळीच्या जागी सरळ पाइपचा तुकडा वेल्ड केला, हे मला लई उशिरा कळलं आणि सगळं प्रकरण त्याच तुकड्यात आहे.

आता त्या माणसानं जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं होतं, हे मी दाजींनाही म्हणलं, कारण सरसकट चुकीचं म्हणलं तर माणूस ऐकत नाही. बिगरटर्बो इंजिनात पाइपची लांबी आणि जाडी जपून ठरवावी लागते, एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याचा धूर ओढून नेतो, तो ताल बसवावा लागतो. टर्बोत मधे टर्बाइन, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा चालवणारं चाक, बसलेलं असतं, ते त्या धक्क्यांवरच फिरतं आणि पुढं जो वायू जातो त्यात फारसा ताल उरत नाही. मग टर्बाइनच्या पलीकडं दाब जितका कमी तितकं टर्बाइन लवकर वेग घेतं, एवढं खरं. म्हणजे "टर्बोलाही थोडं बॅकप्रेशर (पाइपातला उलटा दाब) पाहिजेच" असं जे गॅरेजवर ऐकायला मिळतं ते चुकीचं आहे. पण दुसरी निम्मी गोष्ट त्यानं सांगितली नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा जोर, किती द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, पाइप नाही. ईसीयूला जेवढा टॉर्क हवा तेवढा मिळाला की तो वेस्टगेटची झडप उघडून जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडून देतो. पाइप मोकळा केला तर वेस्टगेट थोडा जास्त उघडेल, बस. रिमॅप, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदल, न करता ताकद वाढत नाही, बूस्ट जरासा आधी येतो एवढाच फायदा. आणि पाइप फारच मोकळा झाला आणि वेस्टगेटचं भोक लहान पडलं तर उलट बूस्ट हाताबाहेर चढत जातो, तो वेगळाच ताप.

दाजींकडं ओबीडीचा डोंगल, म्हणजे ईसीयूतले आकडे फोनवर दाखवणारा जोड, होता, दोन वर्षांपासून ते फोनवर लॉग काढत होते, त्यामुळं जुना आकडा हाताशी होता. तिसरा गिअर, 1,500 आरपीएमपासून पूर्ण पॅडल, पूर्ण बूस्ट कुठं येतो ते बघायचं. दाजी म्हणायचे पाचशे आरपीएमचा फरक पडला. लॉग लावून बघितलं तर साधारण 200 चा होता. वरच्या टोकाला काहीच नाही. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतीय असं वाटतं, कानावर जाऊ नये, लॉग बघावा.

पहिला झटका ऑक्टोबरात. आम्ही सगळे बदनापूरच्या पुढं दाजींच्या चुलत्यांच्या शेतावर गेलो होतो, सोयाबीनचं खळं चालू होतं, मळणी यंत्र लावलेलं, रस्त्याच्या कडेपर्यंत गुळी, म्हणजे मळणीतला वाळला भुसा, पसरलेली. दाजींनी गाडी हायवेवरून पळवत आणली आणि बांधाला लावली, डावी बाजू गुळीकडं. उतरून आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो असू, मागून चुलत्यांनी हाक मारली, "आरं धूर निघायलाय गाडीखालून!" बघतो तर पाइपच्या तोंडाखाली हातभर जागेतली गुळी काळी पडलेली, ज्वाळा नव्हती, पण कडेनं लाल ठिणगीची रेघ सरकत होती, विडीचं टोक जळतं ना तशी. पाइपचं तोंड जरा खाली वाकवलेलं होतं, दिसायला छान दिसतं म्हणून. एका बाईनं कळशी उपडी केली, मी पायानं गुळी लांब ढकलली, दाजींनी गाडी पुढं घेतली. यंत्रामागं पंधरा-वीस पोत्यांची रास होती. पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं ते बोलायची हिंमत कुणाला झाली नाही.

तेव्हा मी दाजींना केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम 112 सांगितला. त्यात लिहिलंय की गाडीचा धूर खाली सोडायचा नाही आणि डाव्या बाजूला सोडायचा नाही. लोकांना वाटतं हे कागदी नियम आहेत. जरा विचार करा, आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणजे गाडीच्या डावीकडं फूटपाथ, बसस्टॉप, शाळेतून येणारी पोरं, चहाची टपरी. माणसं चढतात-उतरतात ती डावीकडून. दाजींच्या आईंच्या नायलॉनच्या साडीचा काठ त्याच महिन्यात पाइपच्या तोंडाला लागून आक्रसला होता, आणि त्यांनी कुणाला सांगितलं पण नाही, पोराला वाईट वाटंल म्हणून. आणि खाली सोडायचा नाही हे का, ते गुळीनं दाखवलंच. आपल्या ट्रॅक्टरचं धुराडं बोनेटातून वर का जातं, ते शेतातल्या माणसाला सांगायला लागत नाही.

दाजींनी तोंड जरा वर वाकवून घेतलं आणि विषय तिथंच थांबला. मी पण जास्त ताणलं नाही. ताणायला पाहिजे होतं.

डिसेंबरात थंडी पडली. ताई दर पंधरा दिवसांनी जालन्याहून इकडं येते, साठेक किलोमीटर, काचा बंद, थंडीमुळं हीटर, आणि धूळ नको म्हणून हवा आतल्या आत फिरवायचं बटन दाबलेलं. आली की म्हणायची डोकं दुखतंय, मळमळतंय. आईनं आल्याचा चहा द्यावा, ताईनं तासभर पडावं, मग बरं वाटायचं. भाचा सहा वर्षांचा, एरवी गाडीत एक मिनिट गप बसत नाही, तो बदनापूर यायच्या आत झोपायचा. सगळे म्हणायचे बरं झालं, पोरगं आता शहाणं झालं. दाजींना काही होत नव्हतं कारण ते स्वतःपुरती काच दोन बोटं खाली ठेवून चालवतात, जुनी सवय.

जानेवारीत एकदा मी मागं बसून आलो. डाव्या बाजूला. करमाड सोडलं आणि माझ्या कपाळात दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं व्हायला लागलं. धुराचा वास? नाही. काहीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात घंटी वाजली. मी म्हणलं, "दाजी, काचा खाली घ्या. सगळ्या. आत्ता."

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरानं त्याला धरून बसतं. डोकेदुखी, मळमळ, झोप, आणि मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटणं, ही त्याचीच लक्षणं, आणि लहान पोरांवर मोठ्यांपेक्षा लवकर परिणाम होतो. आता कुणी म्हणेल की कॅट तर जागेवर होता, पीयूसी पण पास होती. बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत पाहिजे. ऐकायला थोडं वाटतं, पण 0.3 टक्के म्हणजे 3,000 पीपीएम, दहा लाख भागांत 3,000 भाग. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची कायद्याची मर्यादा 50 पीपीएम आहे. म्हणजे पीयूसी पास झालेल्या गाडीचा धूरही बंद जागेत जीव घेऊ शकतो. वर टर्बो पेट्रोलमध्ये पूर्ण पॅडल दिलं की ईसीयू टर्बाइन आणि कॅट जास्त तापू नयेत म्हणून जादा पेट्रोल टाकतो, त्या वेळी ऑक्सिजनच शिल्लक नसतो, कॅटला जाळायचं म्हणलं तरी जाळता येत नाही. दाजींचा प्रत्येक ओव्हरटेक म्हणजे मागच्या सीटवर त्याची एक लाट, मी तसंच समजतो.

दुसऱ्या दिवशी चिकित्सा चालू केली. आधी स्कॅनर, बिघाडाचा काहीच कोड नाही. चेक लाइट पण कधी लागला नव्हता, आणि यानंच दाजींना धीर आला होता की गाडीत दोष नाही. पण या गाडीत ऑक्सिजनचे दोन सेन्सर, एक कॅटच्या पुढं आणि एक मागं. त्या दुसऱ्या सेन्सरच्याही मागं जर पाइप फुटला तर ईसीयूला ते कळायचा मार्गच नाही. मग मी घरात लावायचा कार्बन मोनॉक्साइडचा मीटर मागवला, मागच्या सीटवर ठेवला, काचा बंद, हवा आतल्या आत, आणि एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा जोरात पॅडल दिलं. मीटर 70 च्या वर जाऊन ओरडायला लागला. दाजी गाडी कडेला घेऊन खाली उतरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

गळती शोधायची आपली साधी पद्धत आहे. इंजिन थंड, पाइपच्या तोंडाला चिंध्या गुंडाळून ब्लोअर उलटा लावायचा, म्हणजे बाहेरून आत हवा भरायची, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. गाडी रॅम्पवर घेतली. पुढचे जोड कोरडे. जाळीच्या जागी जो सरळ तुकडा होता त्याच्या मागच्या वेल्डवर पाणी मारलं आणि बारीक बारीक बुडबुड्यांची माळ उठली. बॅटरी मारून बघितलं तर वेल्डच्या कडेला, वेल्डमध्ये नाही, कडेला, केसाएवढी भेग, पाइपच्या वरच्या अंगाला, साधारण चार सेंटिमीटर, आणि तिच्यातून काजळ वर फ्लोअरच्या पत्र्यावर उडालेली, पंख्यासारखी. खालून नुसतं बघून ती कधीच दिसली नसती.

पण एवढ्यानं वायू आत कसा जाईल? फ्लोअरचा पत्रा बंद असतो. म्हणून मागच्या डाव्या बाजूचं कार्पेट उचललं. तिथं दोन बोल्ट वर आलेले. त्या वर्कशॉपनं पाइपचं ब्रॅकेट लटकवायला फ्लोअरलाच दोन भोकं पाडली होती आणि वरून सिलिकॉन लावलं होतं. सिलिकॉन उष्णतेनं कडक होऊन सुटलं होतं, बोटानं उचलताच पापडासारखं हातात आलं, आणि बोल्टाभोवती कार्पेटच्या खालच्या नमद्यावर रुपयाएवढी काळी गोल खूण. भाच्याचे बूट बरोबर तिथं असायचे.

भेग का पडली ते आमच्याकडच्या चाचांनी, म्हणजे आमचे जुने वेल्डिंगवाले, एका नजरेत सांगितलं. त्यांनी पाइप हातानं हलवून बघितला, हलेना. म्हणाले, "इसको हिलने देना था, बांध कायकू दिये?" ते मी जरा हिशोबानं सांगतो. लॉरात इंजिन आडवं बसवलेलं, पॅडल दिलं-सोडलं की ते रबरी माउंटवर पुढं-मागं डुलतं. जाळी असते ती हा डोल पचवायला. ती काढली म्हणजे इंजिनचा प्रत्येक झोका थेट पाइपात. दुसरं, एस.एस. 304 तापलं की भरपूर वाढतं. एक मीटर पाइप 400 अंशांनी तापला तर जवळपास 7 मि.मी. लांब होतो. कंपनीवाले सायलेन्सरला बऱ्याचदा 409 ग्रेड वापरतात, ते बरंच कमी वाढतं, आणि त्याला चुंबक चिकटतं, 304 ला चिकटत नाही, हवं तर घरी बघा. तर पुढून पाइप इंजिनला घट्ट, मागून ब्रॅकेटनं बॉडीला घट्ट, मधे 7 मि.मी. जायला जागा नाही, रोज दोनदा तापणं आणि थंड होणं. वेल्डची कडा जिथं धातू आधीच कमजोर असतो तिथून तो फाटणारच. वेल्डिंग वाईट नव्हतं, बरंच सुबक होतं. बांधणी चुकली.

मग पुढं काय, यावर दाजींचं आणि माझं चांगलं दोन दिवस चाललं.

दाजी म्हणाले, "मेव्हणे, डावीकडं नको तर उजवीकडं काढू, नियमात तर उजवीकडं चालतंय." बरोबर, नियमात चालतं. पण या गाडीत उजवीकडं पेट्रोलची टाकी आहे, मागच्या सीटखाली, झाकणही उजवीकडंच. टाकीच्या आधी पाइप वळवायचा तर फ्लोअरखालून आडवा न्यावा लागणार, म्हणजे तो बॉडीच्या खाली लोंबणार, आणि आपल्याकडचे गावागावांतले स्पीडब्रेकर कसे असतात ते काय सांगायचं. तापलेला पाइप टाकीपासून वीतभर अंतरावर, वर पत्र्याची ढाल, आणि खालून दगडांचा मार. मी म्हणलं, मी वेल्ड करीन पण या गाडीत मी ताईला बसू देणार नाही. मग दाजी गप झाले.

कायद्याचंही बोलणं झालंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये आरसीवरची गाडी कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 च्या जानेवारीत तेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182ए खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाज-प्रदूषणाचं कलम 190(2) वेगळं, तिथं 10,000 पर्यंत. वर गाडीला 2026 ला 15 वर्षं पूर्ण, रिन्यूअलला आरटीओत न्यायची, तिथं दरवाज्याखालून पाइप बघून कोण पास करणार? आणि उद्या काही अपघात झाला तर विमावाल्यांना हेच कारण पुरं पडतं. पण खरं सांगायचं तर दाजींना यातल्या कशानंच पटलं नाही, पटलं ते कार्पेटखालची काळी खूण बघून.

डिकीत टाकून आणलेला मूळ मागचा सायलेन्सर सुदैवानं त्यांनी भंगारात दिला नव्हता, घरी गोदामात बियाण्याच्या पोत्यांमागं पडून होता. तो परत बसवला, मूळ जागी, मूळ हँगरवर, हँगरचे रबर मात्र सगळे नवे, जुने तडकलेले. मूळ मधला पाइप वर्कशॉपनं कापून टाकला होता, म्हणून तेवढा नवीन केला, 3 इंची नाही, अडीच इंची, मूळच्या वाटेनंच, मँड्रेलवर वाकवलेला म्हणजे वळणावर चपटत नाही. नुसता व्यास मोठा केला की आवाजाचा गुंजारव वाढतो, शंभरच्या स्पीडला सहाव्या गिअरमध्ये इंजिन 2,400 च्या जवळपास असतं, चार सिलिंडरला त्याचे सेकंदाला 80 धक्के होतात, आणि तो घुमणारा आवाज समृद्धीवर तासभर कानात बसला की माणूस चिडचिडा होतो. तो मारायला आडनळी, म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी, लावतात, पण 80 च्या धक्क्याला ती दीड मीटर लांब लागते, ती ठेवायची कुठं? मागचा मूळ सायलेन्सर ते काम आपोआप करतो, त्याच्या आतले कप्पे त्यासाठीच असतात.

जाळी नवीन, दुपदरी, आतून पन्हाळीसारखी नळी असलेली, मूळ जागी. जोडांना फ्लँज आणि गॅस्केट, म्हणजे पुढं कधी खोलायचं झालं तर कटर मारावा लागू नये. वेल्ड करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडलं, नाहीतर आतली बाजू जळून दाणेदार होते आणि तिथूनच पुढची भेग सुरू होते. फ्लोअरची दोन्ही भोकं पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद केली, वरून प्रायमर, सीलर, खालून अंडरकोट. वेल्ड करायच्या आधी सीट, कार्पेट, नमदा सगळं बाहेर, बॅटरी सोडलेली, आणि टाकीच्या बाजूला ओलं पोतं आणि फायर सिलिंडर घेऊन एक पोरगा उभा. हे कुणी घरी करणार असेल तर कृपा करून यातलं काही गाळू नका.

लॉग परत काढला, तोच रस्ता, तोच गिअर. मूळपेक्षा बूस्ट अजूनही साधारण 150 आरपीएम आधी येतो. म्हणजे मिळालं होतं ते बहुतेक सगळं मधल्या पाइपच्या मोकळ्या वळणांनी मिळालं होतं, दरवाज्याखालून बाहेर काढल्यानं जेमतेम 50 आरपीएमची भर पडली होती. दाजींनी तो आकडा फोनवर तीनदा मोठा करून बघितला. आवाज गेला याचं त्यांना वाईट वाटतं, ते ते लपवत नाहीत, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही, त्या आवाजासाठी त्यांनी हौसेनं पैसे घातले होते. मधला पाइप मूळ नाही हे मीही त्यांना स्पष्ट सांगितलंय, रिन्यूअलच्या आधी कंपनीचा मधला पाइप मागवून तोच लावायचा असं ठरलंय. वीस हजारांच्या आत सगळं झालं, आमची मजुरी न धरता.

मीटर आता कायम गाडीत असतो, मागच्या सीटच्या खिशात. पाडव्याला ताई माहेरी आली, काचा बंद, एसी चालू, मीटरवर पूर्ण रस्ता शून्य. ताईनं आल्या आल्या पुरणाला हात लावला, पडली नाही. दाजी म्हणाले भाच्यानं जालन्यापासून केंब्रिज चौकापर्यंत तोंड बंद केलं नाही, प्रत्येक ट्रकचा नंबर वाचून दाखवला.